कोटावरचं माप

अमेरिकेच्या पार उत्तरेला, डुलुथमध्ये, हॅलोविनचा पोशाख अंगावर शिवत नाहीत, कोटावर शिवतात. हे कुणी कुणाला शिकवत नाही. परी व्हायचं असेल तर जाडजूड परी व्हायचं, सांगाडा व्हायचं असेल तर चांगला खाऊनपिऊन सुखी असलेला सांगाडा व्हायचं, आणि ज्याला हे पटत नसेल त्याने घरी बसून दुसऱ्यांच्या पोरांना चॉकलेटं वाटायची. ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी समुद्राएवढ्या तळ्यावरून जो वारा येतो तो परीबिरी काही बघत नाही. त्यामुळे पोशाखाचं माप घ्यायचं म्हणजे आधी पोराला बर्फातली जाड पँट चढवायची, वर फुगीर कोट, त्याची चेन पार हनुवटीपर्यंत ओढायची, आणि मग त्या गाठोड्याभोवती टेप फिरवायची. डेल हे काम सप्टेंबरातच उरकायचा. पोरं घामाघूम व्हायची, "डॅडी, शिजलो आम्ही," म्हणून ओरडायची, आणि डेल तोंडात टाचण्या धरून म्हणायचा, "अजून कच्चे आहात. थांबा जरा."

डेलच्या बायकोला, मारितला, सकाळपासून हेच आठवत होतं. कारण डेल टेक्सासात होता, त्याने शिवलेल्या पोशाखांचं खोकं अजून वाटेत होतं, हॅलोविन आज होता, आणि बाहेर बर्फ पडायला लागला होता.

"आलं का खोकं?" नील्सने विचारलं. नील्स पाच वर्षांचा. न्याहारीपासून तो खिडकीच्या काचेला नाक लावून बसला होता, आणि काचेवर नाकाचा एक गोल उमटला होता.

"नाही रे."

"आता?"

"आत्ताच विचारलंस ना?"

"ते तेव्हाचं विचारलं. आता आताचं विचारतोय."

"ट्रक आला की आवाज येतो, नील्स," सिग्ने म्हणाली. ती आठ वर्षांची, आणि आठ वर्षांच्या माणसाला जगातलं सगळं येतं. "ट्रकला इंजिन असतं."

नील्सला इंजिनांबद्दल कुणी शिकवलेलं चालायचं नाही. या वर्षी तो स्वतःच ट्रक होणार होता. साधा नव्हे, बर्फ काढायचा. पहाटे त्यांच्या टेकडीच्या चढावर जे केशरी धूड पुढचं पातं खरवडत येतं आणि अख्खी गल्ली जागी करतं, ते. सिग्नेला लून पक्षी व्हायचं होतं. काळीपांढरी चौकड्यांची पाठ, लाल डोळे, टोकदार चोच. उन्हाळ्यात आतल्या छोट्या तळ्यांवर लून ओरडतात ना, तशी हाक ती महिनाभर न्हाणीघरात घोटत होती, आणि शेजारच्या मिसेस लुओमांनी एकदा भिंत ठोकून विचारलंही होतं, की कुणाला लागलंय का.

दोन्ही पोशाख डेलच शिवणार, यात कुणाला शंका नव्हती. डेलच्या वडिलांचं बंदराजवळ दुकान होतं. बोटींची कापडी छतं, शिडांची आवरणं, बसायच्या गाद्या, असलं सगळं ते शिवायचे, आणि डेल त्या मोठ्या मशीनखाली चिंध्यांत खेळत वाढला होता. पण डुलुथमध्ये बोटी पाण्यात असतात त्या चार महिने. उरलेले आठ महिने दुकानाने काय खायचं? वडील गेले, इमारत विकली गेली, आणि फेब्रुवारीत डेल त्याच्या चुलत भावाच्या अशाच दुकानात, टेक्सासातल्या कॉर्पस ख्रिस्तीला गेला. तिथे समुद्र आहे आणि तो कधी गोठत नाही. सहा महिन्यांसाठी जातो म्हणाला होता. जुलैत येऊन आठवडाभर राहिला, पोरांना पोहायला नेलं, गळका नळ दुरुस्त केला आणि परत गेला. ऑगस्टात सहा महिने संपले. त्याबद्दल दोघंही काही बोलले नाहीत.

मग सप्टेंबरात तो फोनवर म्हणाला, "दुकानापासून जवळ एक घर आहे. दोन खोल्या झोपायच्या. मागे लिंबाचं झाड आहे. मालक एक नोव्हेंबरपर्यंत थांबतो म्हणालाय. काय करू, सांग."

"बघते," मारित म्हणाली.

डुलुथकडे 'बघते' म्हणजे काय हे दोघांना जन्मापासून ठाऊक होतं. ते हो नसतं आणि नाहीही नसतं. फोन ठेवायला एक शब्द लागतो, तो असतो. मारित याच टेकडीवर, चार गल्ल्या वर जन्मली होती. दात साफ करायला दवाखान्यात तिच्या खुर्चीत येणारी निम्मी तोंडं ती शाळेपासून ओळखत होती. एवढं सगळं सोडून जायचं तर समोर कोण आहे हे तरी नक्की कळायला हवं ना? नवरा आहे का नुसता फोनमधला आवाज? तिला तेवढंच कळायला हवं होतं, आणि ते विचारायचं कसं हे तिला कळत नव्हतं.

आणि मग त्या मापांचं झालं.

एका संध्याकाळी डेलने फोनवर पोरांची मापं मागितली. पोरं झोपायच्या कपड्यांत स्वयंपाकघरात घुटमळत होती. मारितने फोन कानाशी दाबला, टेप घेतली, नील्सच्या छातीभोवती फिरवली, आणि पातळ बनियनखाली त्याच्या फासळ्या बोटांना लागल्या तेव्हा तिच्या लक्षात आलं, की अरे, कोट. एक शब्द बोलायचा होता. थांब, कोट घालते. पण ती बोलली नाही. 'बघू या,' असं तिच्या मनात आलं. 'बघू या, याला आठवतंय का.'

"तेवीस इंच," ती म्हणाली.

तिची खात्री होती, आता हा हसणार. म्हणणार, काय गं, पोराला उपाशी ठेवलंस का, कोट कुठाय त्यात? ती हसायच्या तयारीत उभी होती.

"बरं," डेल म्हणाला. इतक्या हळू, की कुणी झोपलेलं माणूस शेजारी असावं. "आणि सिग्नेचं?"

तिने सिग्नेचंही तसंच दिलं.

तो 'बरं' त्या दिवसापासून मारितच्या बुटात खड्यासारखा टोचत होता. आठ महिने, फक्त आठ महिने, आणि हा माणूस कोट विसरला? ज्याने स्वतःच्या लग्नात सुटाखाली लोकरीची विजार घातली होती, तो? कोट गेला तर मग काय काय गेलं असेल त्याच्या डोक्यातून, याची यादी ती दात घासता घासता करायची, दुसऱ्यांचे आणि स्वतःचेही. आणि उद्या एक तारीख होती. उद्या त्या लिंबाच्या झाडाच्या मालकाला उत्तर हवं होतं.

वर हे खोकं. पोशाख तयार आहेत असं डेलने ऑक्टोबरच्या मध्यावरच सांगितलं होतं. मग पाठव ना, म्हटलं तर, पाठवतो, पाठवतो. असा कधी नव्हता तो. डेल म्हणजे नाताळचा दिवा सप्टेंबरात तपासून ठेवणारा माणूस.

ट्रक आला तेव्हा दुपार कलली होती. पोस्टाचा माणूस पायऱ्यांवरच्या भोपळ्यांना चुकवत चढला. त्या भोपळ्यांची तोंडं दोन दिवसांपूर्वी तिघांनी मिळून कोरली होती, आणि त्यांच्या डोक्यांवर आता बर्फाच्या पांढऱ्या टोप्या चढल्या होत्या.

"हॅलोविनचं आहे का यात?" त्याने खोकं देताना विचारलं.

"हो."

"मग वाचलो. मागच्या वर्षी एका घरी मी दुसऱ्या दिवशी पोचलो होतो. ती पोरगी अजून माझ्याशी बोलत नाही."

खोकं तिथेच उघडलं. लूनच्या पाठीवरचा एकेक पांढरा चौकोन वेगळा कापून बसवला होता. हात पसरले की पंख उघडत होते, आणि पंखांच्या आतल्या बाजूला, जिथे कुणी बघणारही नव्हतं, तिथे राखाडी अस्तर होतं. ट्रक तर विचारूच नका. बोटीच्या छताचं केशरी कापड, कडेने चमकणाऱ्या पट्ट्या, पुढे स्पंजावर चंदेरी रेक्झिन ताणून केलेलं वाकडं पातं, आणि दारावर काळ्या दोऱ्याने शिवलेलं नाव: नील्स.

पोरांनी ते तिथेच, दारात, घरच्या कपड्यांवर चढवलं. असं बसलं, असं बसलं, की बघत राहावं. कुठे चुणी नाही, कुठे ओढ नाही. नील्स पातं पुढे करून बैठकीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून बैठकीत फेऱ्या मारायला लागला, आणि सिग्ने आरशासमोर उभी राहून एकदा डावा पंख उघडायची, एकदा उजवा.

"चला, आता कोट घाला आतून," मारित म्हणाली. तिला माहीत होतं काय होणार ते. तरी तिने नील्सला कोट घातला, त्यावर ट्रक ओढला, आणि तो काखेशीच अडला. तिने पोट आत घे म्हणून सांगितलं. नील्सने पोट आत घेतलं, श्वास धरला, डोळे मिटले. कोट काही पोट आत घेईना.

सिग्नेला आधी कळलं. "ममा," ती म्हणाली, "हे कोटावरचं नाहीये."

"हं."

"डॅडी विसरला?"

मारितच्या ओठांवर उत्तर आलं होतं. हो, विसरला. अगदी सोपं होतं म्हणायला. पण ती टेप तिच्याच हातात होती ना, त्या संध्याकाळी. तिने नील्सला कोटातून सोडवायला सुरुवात केली.

"वरून घालू या कोट," ती म्हणाली. "प्रत्येक दारात चेन उघडून दाखवायचं."

"बर्फाच्या ट्रकला कोट कुठे असतो?" नील्सने विचारलं. तो रडत नव्हता. तो खरंच विचारत होता, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

"मी नाही जात मग," सिग्ने म्हणाली आणि पंख मिटून सोफ्यावर बसली. "लून या दिवसांत इथे नसतातच. टेक्सासला गेलेले असतात. मोठे आधी जातात आणि पिल्लं मागून जातात, एकटी. आमच्या बाईंनी सांगितलंय."

तेवढ्यात मागच्या दाराने मिसेस लुओमा आल्या. त्या नेहमी मागच्या दाराने यायच्या आणि नेहमी काहीतरी परत करायला यायच्या. आज हॉटडिशचं, ओव्हनमध्ये भाजायच्या जेवणाचं, भांडं होतं. सत्तर ओलांडलेल्या, नवरा गेलेल्या, आणि पायात मेलेल्या नवऱ्याचे बूट.

त्यांनी दोन्ही पोरांकडे नीट पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं.

"छान बसलंय," त्या म्हणाल्या. "खोलीत."

"डेलने मापं कोटाशिवायची घेतली," मारित म्हणाली, आणि आपण 'दिली' म्हणायला हवं होतं हे तिला बोलता बोलताच कळलं.

"होतं असं. आमच्या ह्यांनी एकदा फ्लोरिडाहून मला सँडल आणले. मी रागाने तेच घालून फेब्रुवारीत चर्चला गेले. म्हटलं, बघू दे सगळ्यांना कसला नवरा मिळालाय ते."

"मग?"

"मग काय. सगळ्यांनी शेजारच्या बाईंच्या टोपीचं कौतुक केलं आणि माझी बोटं आठवडाभर निळी होती." त्यांनी भांडं ओट्यावर ठेवलं. "उसव की. शिवलेलं उसवता येतं."

"इतकं सुंदर शिवलंय हो."

"मग त्यालाच विचार. का भांडण झालंय? झालं असेल तर मी थांबते."

पण सिग्नेने तोवर फोन लावलाही होता. पडद्यावर डेल आला, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. मागे ऊन होतं, इतकं पिवळं ऊन, की स्वयंपाकघरात कुणीतरी दिवा लावल्यासारखं झालं.

"कोण हे?" डेल म्हणाला. "मी तर माझ्या पोरांना फोन करणार होतो. हा कुठला पक्षी बोलतोय?" मग त्याला सिग्नेच्या मागे नील्स दिसला, नील्सच्या मागे कोट हातात घेतलेली मारित, आणि तिच्या मागे खिडकी. त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. "बर्फ?"

"सकाळपासून," मारित म्हणाली.

"डॅडी, कोट आत जातच नाही," नील्स म्हणाला. "मी पोट पण आत घेतलं."

"नाही जाणार, राजा. कोटाचं माप नाहीये ते."

मारितने फोन सिग्नेच्या हातातून घेतला. "म्हणजे तुला माहीत होतं?"

डेल पडद्याजवळ सरकला. मग म्हणाला, "सिग्ने, तळघरात माझ्या मशीनचा वरचा खण. त्यात टाके उसवायचं हत्यार आहे, लाल मुठीचं. नील्सला घेऊन जा. जिना सांभाळून, पंख अडकतील."

पोरं धडधडत खाली गेली. मिसेस लुओमांना एकाएकी आपल्या घरात काहीतरी उकळत असल्याचं आठवलं आणि त्या मागच्या दाराने गेल्या.

"तेवीस म्हणालीस तू," डेल म्हणाला. "तेवीसमध्ये कोट बसत नाही हे मला कळणार नाही का, मारित? मागच्या वर्षी तो एकतीस होता."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं तू सांगतेयस मला."

"काय सांगतेय?"

"आम्ही इकडे येतोय म्हणून." त्याने मान खाली घातली आणि शर्टाच्या बटणाशी काहीतरी केलं. "कोटाशिवायचं माप दिलंस. म्हणजे कोट लागत नाही तिथे घालणार पोरं. मी म्हटलं, मारित अशीच सांगणार. तोंडाने हो म्हणायला हिला कधी जमलंय? लग्नाचं विचारलं तेव्हाही तू काही बोलली नव्हतीस. गाडीची दुसरी किल्ली काढून दिली होतीस."

मारित ओट्याला टेकली.

"मी विचारणार होतो," डेल म्हणाला. "पण विचारलं असतं तर तू बघते म्हणाली असतीस. मग म्हटलं, नकोच. राहू दे. शाळेला सुट्टी लागेल तेव्हा येतील. सुट्टी गेली. मग म्हटलं, शेवटच्या आठवड्यात येतील. दोन्ही पोशाख दाराला टांगून ठेवले होते. शेजारच्या बाईंना सांगून बसलो होतो, या वेळी माझ्या घरी एक लून आणि एक ट्रक आहे. त्यांना वाटलं, लून म्हणजे बोट, आणि मी ती विकतोय." तो हसला, पण ते हसणं लांबलं नाही. "बुधवारी खोक्यात भरले."

खाली तळघरात काहीतरी पडलं आणि सिग्नेचा आवाज आला, "काही नाही झालं, ममा," म्हणजे काहीतरी झालं होतं.

"डेल," मारित म्हणाली, "मी तुझी परीक्षा घेत होते. तू विसरलास का ते बघत होते."

"काय, कोट?"

"कोट. टेकडी. आम्ही."

डेलने शर्टाच्या बटणावरचा हात काढला.

"मी अजून दुकानातून निघताना खिसे चाचपतो," तो म्हणाला. "हातमोजे कुठे राहिले म्हणून. रोज. नव्वद फॅरनहाइटच्या वर पारा असतो आणि मी दारात उभा राहून खिसे चाचपतो. भाऊ म्हणतो, याला डॉक्टरला दाखवा."

पोरं वर आली. नील्सच्या हातात लाल मुठीचं हत्यार आणि कपाळाला कोळ्याचं जाळं. मारितने फोन साखरेच्या बरणीला टेकवून उभा केला, लून मांडीवर घेतला, आणि डेल सांगत गेला तसं करत गेली.

"काखेपासून सुरू कर. बाजूची शिवण. कापड कापू नकोस, फक्त टाके. प्रत्येक तिसरा टाका तोड, मग उलट्या बाजूने दोरा ओढ, सरकन येईल."

"येत नाहीये सरकन."

"जवळ दाखव. हां. दुहेरी घातलीय मी."

"टेक्सासात कशाला दुहेरी?"

"सवय," डेल म्हणाला.

तिने परत हत्यार फिरवलं. पहिले चार टाके तोडताना तिचा हात जड झाला होता. दिवसभर लोकांची छतं शिवून झाल्यावर त्याने रात्री हे टाके घातले होते, आणि ते घालताना त्याला वाटत होतं, पोरं दारातून धावत येतील. मग दोरा मोकळा झाला आणि लांबच लांब बाहेर आला. सिग्नेने तो बोटाला गुंडाळून ठेवला. टाकायला नको, म्हणाली.

"सगळं उसव," डेल म्हणाला. "घाबरू नकोस. शिवण मला परत घालता येते."

बाजू मोकळ्या झाल्या, पण आता पोशाख अंगावर राहायचा कसा? मिसेस लुओमांच्या घरातलं उकळणं बरोबर तेव्हाच थांबलं असावं, कारण त्या परत आल्या, आणि त्यांच्या हातात बर्फावरच्या बुटांच्या लांब नाड्या होत्या, मुलगा हॉकी खेळायचा तेव्हाच्या. कोटावर ट्रक चढवला, दोन्ही बाजूंनी भोकं पाडून नाड्या आडव्यातिडव्या ओवल्या, आणि नील्स असा काही रुंद झाला, की दारातून तिरका न्यावा लागला.

"माझ्या बाजूला कोट दिसतोय," सिग्ने आरशात बघत म्हणाली. "निळा. लून निळा नसतो."

"पोटभर मासे खाल्लेत म्हणून सांग," मिसेस लुओमा म्हणाल्या. "माझंही तसंच दिसतं."

अंधार पडता पडता ते निघाले. गल्लीतल्या दारादारांवर दिवे लागले होते, आणि चढावरून जाडजूड चेटकिणी, जाडजूड भुतं, एक प्रचंड गुटगुटीत सांगाडा असे सगळे उशीचे अभ्रे घेऊन चॉकलेटं मागत हिंडत होते. बर्फ सरळ पडत नव्हता. तळ्यावरून तिरका येत होता आणि पापण्यांवर बसत होता.

फोन मारितने कोटाच्या वरच्या खिशात उभा घातला होता, कॅमेरा बाहेर. डेलनेच सांगितलं होतं, मलाही ने. तो खिशातून बोलत होता. "हे बर्गस्ट्रॉम लोकांचं ना? अजून दाराला तोच हिरवा रंग? जिना सांभाळा, तिसरी पायरी हलते त्यांची." आणि ती खरंच हलत होती.

पोरं दारात चढायची, ट्रिक ऑर ट्रीट म्हणायची, आणि मारित खाली रस्त्यावर पाय आपटत उभी राहायची. तिसऱ्या की चौथ्या घरापाशी खिशातून घंटी वाजल्याचा आवाज आला.

"थांब हं," डेल म्हणाला. "माझ्याकडे कुणीतरी आलंय."

तिने फोन बाहेर काढला. पडदा हलला, छत दिसलं, मग दार. दाराबाहेर अजून उजेड होता. दोन पोरं होती, एकाच्या अंगावर नुसती चादर, डोळ्यांना भोकं पाडलेली, आणि चादरीखाली उघडे पाय. रबरी चपला. दुसरी मुलगी फुलपाखरू होती, पातळ जाळीचे पंख, उघडे दंड. डेल वाकून त्यांच्यापुढे वाडगा धरत होता. "घ्या, घ्या, दोन घ्या. आज माझ्याकडे खूप आहेत." त्याने चॉकलेटं खरंच खूप आणली होती. वाडगा काठोकाठ भरलेला होता, आणि मारितला एकाएकी दिसलं, की ती सगळी नील्सला आवडतात त्याच जातीची होती.

दार लागलं. डेलचा चेहरा परत आला.

"थंडी वाजत नाही का त्यांना?" मारितने विचारलं. वेड्यासारखा प्रश्न होता.

"कुणाला? नाही गं. मीच पंखा लावून बसलोय."

तिने मान हलवली. वरच्या घरात नील्स पात्यासकट दारात अडकला होता आणि घरातली बाई त्याला मागून ढकलत हसत होती. हे सगळं ती इतकी वर्षं बघत होती. आज ती ते नीट बघत होती, एकेक करून, आणि पायाखालीच असलेल्या टेकडीची तिला आठवण यायला लागली होती.

"डेल, त्या घराच्या दाराशी खुंट्या आहेत?"

"कसल्या खुंट्या?"

"कोटाच्या."

"नाहीत. इथे कुणाकडेच..." तो थांबला. पडद्यावर त्याचा चेहरा अजिबात हलत नव्हता, इतका, की फोन अडकला असं तिला वाटलं. "नाहीत."

"मग ठोक चार."

त्याने काही विचारलं नाही. हे काय म्हणतेस, खरंच का, कधी, काहीच नाही. तो तिला चांगला ओळखत होता. नुसतं जोरात नाक ओढलं, थंडीतल्या माणसासारखं.

"नाताळनंतर," ती म्हणाली. "आधी नाही. आणि दोन खाली ठोक. नील्स उड्या मारतो नाहीतर. दर वर्षी एकदा बर्फात आणायचं त्यांना. आणि हे मी मिसेस लुओमांना कसं सांगणार, ते मला माहीत नाही."

"मी सांगू?"

"नको. त्या मागच्या दाराने येतील. तेव्हा सांगेन."

सिग्ने पायऱ्या उतरून आली, अभ्रा खांद्यावर, एका बाजूची नाडी सुटलेली. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालं?"

"काही नाही. पुढचं घर."

"डॅडी आहे अजून?"

"आहे," खिशाजवळून आवाज आला. पोरगी समाधानाने चढ चढायला लागली, आणि तिच्या मागे नील्स, तिरका तिरका, घशातून इंजिनाचा आवाज काढत.

मारित मागे राहिली. घरांच्या मधल्या फटीतून खाली तळं दिसायचं, रोज दिसायचं. आता तिथे काळोख होता, आणि त्या काळोखात दूर एक खनिज वाहणारी बोट बाहेर नांगर टाकून उभी होती, बंदरात शिरायची वाट बघत. तिचा एकच दिवा बर्फातून कधी दिसायचा, कधी नाही.

"मला काही दिसत नाहीये," डेल म्हणाला. "कुठे बघतेयस?"

"तळ्याकडे."

"मग दाखव ना मला पण."

तिने फोन वळवून काळोखासमोर धरला. पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांशिवाय काही उमटत नव्हतं, बोट नाही, दिवा नाही. तिची बोटं गारठत चालली होती. तरी तिने हात खाली घेतला नाही, आणि तो पुरे म्हणाला नाही.